पऱ्ह्याच्या पलीकडे काही नाही

फेब्रुवारी सरत आला की मस्कतजवळच्या सीबमध्ये खिडक्या उघड्या ठेवायचे शेवटचे पंधरा-वीस दिवस उरतात. त्यानंतर एसी सुरू होतो तो थेट नोव्हेंबरपर्यंत, आणि शेजारीपाजारी ऐकू येईनासे होतात. सध्या मात्र सगळं ऐकू येतं. खाली मशिदीच्या नळावर पाय धुणारी माणसं, समोरच्या कॉफी शॉपबाहेर वाजणारे हॉर्न (इथे चहासाठी कुणी गाडीतून उतरत नाही, हॉर्न दिला की चहाच गाडीपाशी येतो), आणि वरच्या मजल्यावर येरझाऱ्या घालत इतिहास पाठ करणारी तेलुगू कुटुंबातली मुलगी. तिची नववीची वार्षिक परीक्षा आहे. हिटलरचा धडा चालू आहे. ज्यूंच्या छळाचे टप्पे, मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा. चौथ्या मुद्द्याशी ती रोज अडखळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. पाच मार्कांचा प्रश्न आहे, येणार म्हणजे येणारच.

मला तो चौथा मुद्दा पाठ आहे. पण मी उठून खिडकी लावून घेतो. सुनीता, माझी बायको, वैतागते. "अरे, पंधरा दिवस तर राहिलेत वाऱ्याचे. आत्तापासून कोंडून कशाला घेतोस?" मी म्हणतो, धूळ येते. धूळ येत नाही. हा धडा आमच्या घरी एकदा येऊन गेलेला आहे, आणि त्यात मी नापास झालोय, एवढंच.

आमची ईशा नववीत होती ते वर्ष. मी तेव्हा सोहारच्या एका स्टील कारखान्यात रोलिंग मिलवर इंजिनिअर होतो. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीत राहायचं आणि गुरुवारी संध्याकाळी दोनेकशे किलोमीटर गाडी हाकत सीबला घरी यायचं. ईशा आणि सुनीता सीबला, कारण शाळा इथे. त्या डिसेंबरात मिलच्या नव्या गिअरबॉक्सच्या तपासणीसाठी मला तीन आठवडे जर्मनीला पाठवलं. शहराचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की हे सगळं त्या शहरातच झालं.

रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. दुकानं बंद, कारखाना बंद, आणि हॉटेलच्या खोलीत बसून माणूस किती वेळ भिंत बघणार? काउंटरवरच्या बाईंनी एक छापील कागद दिला. शहरात पायी हिंडायचे मार्ग. फोनवर आवाज उतरवून घ्यायचा, कानात घालायचा, आणि तो सांगेल तसं चालायचं. एक मार्ग जुन्या किल्ल्याचा, एक बिअरच्या कारखान्यांचा, आणि तिसरा त्या शहरातल्या ज्यूंचा. तिसरा सगळ्यात आखूड होता, दीड तासाचा. थंडी मरणाची होती म्हणून मी तो निवडला. उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

कानात एका वयस्कर बाईचा आवाज होता. इंग्रजी स्वच्छ, सावकाश, शाळेतल्या बाईंसारखं. अकरा थांबे होते. "आता थांबा. डावीकडे दुसऱ्या मजल्यावरची खिडकी बघा." मी थांबायचो, बघायचो. खिडकीत कुंड्या असायच्या, धुतलेले पडदे असायचे. बाई सांगायच्या की इथे डॉक्टर राहत होते, या खालच्या दुकानात चपला विकत. दुकानदारानं पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढून मिळवलेलं पदक काचेत लावून ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना दिसावं म्हणून. बाकांवर बसायला बंदी आली. मग रेडिओ जमा करायला सांगितले. मग घरात पाळलेले पक्षी. पिंजऱ्यातला बोलका पोपटसुद्धा ठेवायचा नाही. आणि माणसं नेल्यावर त्यांच्या घरातल्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा शेजारी रांगेत उभे होते. चादरी, शिवणयंत्र, मुलांचे बूट. "या शहरात आजही कुणीतरी त्या टेबलावर जेवत असेल," असं बाई म्हणाल्या आणि पुढच्या थांब्याचा पत्ता सांगितला.

काही दारांसमोर फुटपाथमध्ये पितळेचे छोटे चौकोन बसवलेले होते. नाव, जन्माचं साल, कुठे नेलं ते. अशाच एका दारापाशी मी मान वर करून खिडकीकडे बघत उभा होतो, आणि दार उघडून एक म्हातारी बाहेर आली, हातात कुत्र्याचा पट्टा. माझ्यामुळे तिची वाट अडली होती. मी सॉरी म्हणत बाजूला झालो. तिनं माझ्या कानातल्या वायरीकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "रोज कुणीतरी उभं असतं. रोज. मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते." आणि कुत्र्याला ओढत निघून गेली. मला तिचा राग आला नाही. तिच्या आवाजातला कंटाळा मला फार ओळखीचा वाटला. आपल्याकडेही म्हणतात ना, आता कुठे राहिलंय तसलं काही?

सातव्या थांब्याला मी अडकलो. ती जन्ममृत्यूच्या नोंदीची कचेरी होती. बाईंनी सांगितलं की नावावरून ज्यू ओळखू येत नाहीत अशी सरकारची तक्रार होती, म्हणून कायदा झाला. प्रत्येक ज्यू पुरुषानं आपल्या नावाला इस्राएल जोडायचं आणि प्रत्येक बाईनं सारा. कचेरीत येऊन, अर्ज भरून, स्वतःच्या हातानं. वरची मुलगी अडखळते तो चौथा मुद्दा हाच. मी तो थांबा तीनदा ऐकला. हातमोज्यांतली बोटं बधिर झाली, तरी हललो नाही.

कारण मीसुद्धा एकदा नावासाठी अर्ज भरलेला आहे. माझं आडनाव तळोलीकर. ते आधी कांबळे होतं. इंजिनिअर झालो, पहिली नोकरी पुण्यात लागली, आणि भाड्याची खोली शोधताना तीन घरमालकांनी आडनाव ऐकून "कालच दिली हो" म्हटलं. चौथ्याकडे जायच्या आधी मी गॅझेटचा अर्ज भरला. गावाचं नाव तळोली, रत्नागिरी जिल्ह्यातलं, त्याला 'कर' लावलं की झालं. असं करणारा मी पहिला नव्हतो आणि शेवटचाही नाही. तिकडे सरकारनं नाव चिकटवलं, ओळखू यावं म्हणून. मी आपलं आपण खरवडून काढलं, ओळखू येऊ नये म्हणून. माझे वडील, आबा, तेव्हा एवढंच म्हणाले होते, "तुजं नाव हाय, बदल. माजं राहू दे."

दोन दुःखं तराजूत घालायची माझी लायकी नाही. त्यांना मालगाड्यांत भरून नेलं. आम्हांला कुणी कुठे नेलं नाही. आम्ही जिथे होतो तिथेच ठेवलं, हीच तर आमची तक्रार. दोन्ही सारखंच असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर मला आवडणार नाही. पण नोंदीच्या कचेरीसमोर उभा असताना माझे पाय हलले नाहीत, हे खरं आहे.

परदेशात आलं की हे सुटतं, असं गावाकडच्यांना वाटतं. मस्कतला येऊन बघावं. मराठी मंडळात गेलं की दुसऱ्या वाक्याला गाव विचारतात आणि तिसऱ्याला आडनाव. "तळोलीकर? म्हणजे मूळचे कोण?" आमच्या शेजारच्या कुलकर्णीवहिनी तर हसतहसत विचारायच्या, "तुमच्याकडे गौरी खड्याच्या की मुखवट्याच्या?" प्रश्न गौरींचा नसतो हे त्यांना माहीत, मला माहीत. मी म्हणायचो, "आमच्याकडे गावाला बसतात, भावाकडे." मला भाऊ नाही. घरात एक फोटो होता, जो भिंतीवर दिसला की आलेल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही. तो आमच्या कपाटात, ब्लँकेटांच्या मागे असायचा. चौदा एप्रिलला रजा टाकून मी तो काढायचो, पडदे ओढून घ्यायचो, हार घालायचो, आणि ईशा शाळेतून यायच्या आत परत ठेवायचो.

सोहारला माझ्या हाताखाली मेश्राम होता, नागपूरचा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. तो कंट्रोल रूममध्ये शिरला की सगळ्यांना "जय भीम" म्हणायचा. आमच्या पाकिस्तानी क्रेन ऑपरेटरलासुद्धा, आणि तोही बिचारा काय समजायचा कोण जाणे, "जय भीम भाई, यल्ला, चलो" म्हणत क्रेनवर चढायचा. दर एप्रिलला मेश्राम आणि त्याची मंडळी एका व्हिलात जमून जयंती करत. एकदा चहा पिताना त्यानं हळूच विचारलं, "सर, एक विचारू? तुम्ही आपले का?" मी म्हटलं, "नाही रे, आम्ही कोकणातले." त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "हो का. सॉरी सर." त्यानंतर तो मला "गुड मॉर्निंग" म्हणू लागला.

तर जर्मनीहून आलो तो त्या बाईंचा आवाज फोनमध्ये घेऊन. जानेवारीत ईशाच्या वर्गात हिटलरचा धडा सुरू झाला होता. मला वाटलं, पोरीनं नुसते मुद्दे पाठ करू नयेत, ऐकावं. खरं सांगायचं तर त्यात थोडी मिजासही होती. बाप बघून आलाय, उभा राहिलाय तिथे, हे तिला कळावं. दुसऱ्याच्या गावातला अन्याय मुलांना दाखवायला बापाला फार बरं वाटतं. तिथे आपलं काही जात नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं सीबच्या कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, गेलो. तिनं कानात वायर घातली आणि चालू लागली. हवा थंड होती, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांना माशांचा वास, जुन्या सूककडून, म्हणजे बाजाराकडून, लोबान आणि हलव्याच्या कढईतल्या तुपाचा वास. पोरांचे फुटबॉल, कठड्यावर पाय सोडून बसलेले ओमानी म्हातारे. आणि माझी मुलगी एका जर्मन शहरातून चालत होती. मध्येच थांबायची आणि मोठ्यानं म्हणायची, "पप्पा, चर्चच्या लेफ्टला वळायला सांगतायत." डावीकडे समुद्र होता. आम्ही दोघं हसलो. मग पोपटाचा थांबा आला आणि ती रडायला लागली, उभ्या जागी, ओढणी-बिढणी काही नव्हती म्हणून टीशर्टच्या बाहीनं नाक पुसत. पोपटासाठी रडली, माणसांसाठी नाही, हे तिला नंतर लाजिरवाणं वाटलं. मी म्हटलं, असंच असतं गं, माणूस छोट्या गोष्टीलाच रडतो.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "पप्पा, बॅड लोक बॅडच असतात, ते मला समजतं. पण नेबर्स? त्यांना सगळं माहीत होतं ना? मग ते का नाही बोलले? दॅट्स वर्स." मी सिग्नलकडे बघत म्हटलं, "घाबरले असतील." ती म्हणाली, "ज्यांना काही होणार नव्हतं, ते पण?" मी म्हटलं, "हो, ते पण." त्या वेळी मला माझ्या मुलीचा फार अभिमान वाटला. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

तिनं तो आवाज शाळेत नेऊन इतिहासाच्या बाईंना ऐकवला. बाई उत्साही. त्यांनी त्यातूनच वर्गाला प्रकल्प दिला, वीस मार्कांचा, वार्षिक परीक्षेच्या आत द्यायचा. प्रत्येकानं आपल्या मूळ गावाचा असाच एक चालण्याचा मार्ग आवाजात तयार करायचा. दहा मिनिटं, पाच-सहा थांबे, घरातल्या मोठ्यांना विचारून. गुरुवारी मी सोहारहून दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच ईशा वही घेऊन समोर. "पप्पा, तळोली. स्टॉप नंबर वन काय?"

ती कधीच तळोलीला गेलेली नव्हती. आम्ही सुट्टीत यायचो ते पुण्याला सुनीताच्या माहेरी, आणि चिपळूणला आबांकडे दोन दिवस. आबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्तीनंतर चिपळूणलाच राहिले. गावी आमचं काही उरलेलं नाही, असं मी तिला सांगत आलो होतो. ते अर्धं खरं होतं.

"मी आबांनाच फोन करते," ती म्हणाली. "मॅमनी सांगितलंय, ओल्डेस्ट पर्सनला विचारा." मी म्हटलं, "आबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आता. मी सांगतो ना." आबांना चांगलं ऐकू येत होतं. सुनीता स्वयंपाकघरात कणीक मळत होती, तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही. रात्रीच्या जेवणानंतर ती फक्त म्हणाली, "सांगून टाक रे. चौदा वर्षांची आहे. रडली तर रडली." मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. परीक्षेच्या दिवसांत आईबापांना हे एक बरं असतं, सगळं परीक्षेनंतरवर ढकलता येतं.

आणि मी सांगायला बसलो. एसटी थांबते तिथला पिंपळाचा पार, थांबा पहिला. शाळा, थांबा दुसरा. ग्रामदेवतेचं देऊळ, थांबा तिसरा. देवळाचं मी बाहेरचं सगळं सांगितलं, पायऱ्या किती, दीपमाळ कुठे, कौलं कशी. ईशा भराभर लिहून घेत होती. ती म्हणाली, "हे किती सुंदर आहे, पप्पा. तुम्ही का नाही नेलं मला कधी?" मग ती म्हणाली, "आणि आपलं घर?"

पारापासून एक वाट डावीकडे चढते, खोतांच्या घराकडे. दुसरी उजवीकडे उतरते, पऱ्ह्याकडे. पऱ्ह्या म्हणजे ओढाच, पावसाळ्यात भरणारा आणि होळीपर्यंत आटणारा. त्याच्या पलीकडे आमची अकरा घरं होती. मी तिला डावीकडे चढवलं. खोतांचं घर आमचं म्हणून सांगितलं. अंगण, तुळशीवृंदावन, चिऱ्याच्या पायऱ्या, वरची ओटी, ओटीवरचा झोपाळा, खांबाला टांगलेला कंदील. खोटं सांगताना एवढं बारीक कसं आठवलं? कारण मी त्या अंगणात तासन्‌तास उभा राहिलेलो आहे. आईनं निरोप घेऊन पाठवलेलं असायचं, आणि खोत जेवून, वामकुक्षी करून बाहेर येईपर्यंत अंगणाच्या कडेला उभं राहायचं. पायरीला पाय लावायचा नाही. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या ते मला आजही ऐकू येतं, पण त्या झोपाळ्यावर बसल्यावर कसं वाटतं ते मला माहीत नाही. ईशानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "मस्त वाटायचं. दुपारी वारा यायचा समुद्राकडून."

"आणि आत? किचन कुठे होतं?"

आतलं मला काही माहीत नव्हतं. तरी म्हणालो, "माजघरातून उजवीकडे."

"आणि खाली त्या स्ट्रीमच्या पलीकडे काय आहे?"

"तिकडे काही नाही."

हे मी म्हणालो. इतकी वर्षं झाली, तरी वाक्य जसंच्या तसं आठवतं. जिथे मी जन्मलो, जिथे माझी आई मेली, जिथे कौलातून गळणाऱ्या पाण्याखाली पातेलं ठेवून मी दहावीचा अभ्यास केला, त्या जागेबद्दल मी माझ्या मुलीला म्हणालो, तिकडे काही नाही. घर पाडायला बुलडोझर लागतो असं थोडंच आहे?

ईशानं चांगली मेहनत घेतली. मागे पक्ष्यांचे आवाज घातले, एसटीच्या घंटीचा आवाज कुठून तरी मिळवला. आवाज तर तिनं थेट त्या जर्मन बाईंचा उचलला होता, तसाच सावकाश, तसंच इंग्रजी. मी तो एका शुक्रवारी सकाळी बाल्कनीत बसून ऐकला. पार झाला, शाळा झाली, देऊळ झालं. मग माझ्या मुलीचा आवाज म्हणाला, "आता डावीकडे वळा. उजवीकडे ओढ्याच्या दिशेनं उतरू नका. तिकडे बघण्यासारखं काही नाही." आणि एक छोटासा विराम, चालणाऱ्याला चढण चढता यावी म्हणून. मी आवाज बंद केला. रडू आलं नाही. लाज वाटली. नुसती लाज.

पुढच्या शुक्रवारी सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "मी आबांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. सरप्राइज! त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून व्हॉल्यूम वाढवून पाठवलं." मी कप खाली ठेवला. "मग? काय म्हणाले?" "त्यांचा लगेच फोन आला. म्हणाले, लय भारी केलंस बाय, अगदी असंच हाय गाव. पप्पा, त्यांना नीट ऐकू येतं." आणि ती गणिताचं पुस्तक घेऊन आत गेली.

मी गच्चीवर जाऊन फोन लावला. पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आबांनी फोन उचलला. मी म्हटलं, "आबा, तिच्या शाळेचं होतं ते." ते म्हणाले, "हां. आयकलं." मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असं फार वाटत होतं. शिवी बसली की माणूस मोकळा होतो.

आबा म्हणाले, "सैपाकघर उजव्या हाताला नाय. डाव्या हाताला हाय."

"काय?"

"खोताचं. माजघरातनं डाव्या हाताला. मी बघितलाय. त्येंची म्हस मेली होती पावसात, गोठा मागल्या दाराशी. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्साचा. बापासंगं ओढायला गेलतो. मागलं दार उघडं होतं, तिथनं दिसतं चुलीपत्तूर. पितळेची भांडी लावलेली." ते थांबले. "त्याच्या दुसऱ्या वर्सापासनं आपण ढोरं ओढायचं सोडलं. साऱ्या वाडीनं सोडलं. मार खाल्ला, पण सोडलं." मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पोरगी एवढं मन लावून करत्ये. तिला खोटं नको. दुरुस्त कर म्हनावं."

"कसं सांगू आबा?"

"मी तुला सांगितलं तसं."

मी जिना उतरून खाली आलो. एकेक पायरी मोजत आलो, धीर यावा म्हणून. ईशा खोलीत गणितं सोडवत होती, केसात पेन्सिल खोचलेली, शेजारी अर्धं खाल्लेलं सँडविच. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "ईशा, त्या घराचं किचन डावीकडे होतं. उजवीकडे नाही."

तिनं मान वर केली नाही. "इट्स ओके, पप्पा."

"नाही, मला जरा त्याबद्दल बोलायचंय. ते घर..."

"पप्पा, सबमिट झालं ते. ट्वेंटी ऑन ट्वेंटी मिळाले. मॅमनी पूर्ण क्लासला ऐकवलं. खलास. आता मॅथ्स आहे मंडेला, प्लीज."

आणि मी म्हणालो, "बरं." दार ओढून घेतलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना सगळ्यात जड जातंय ते हे. खोटं सांगितलं त्यापेक्षा, तिनं मला सोडून दिलं तेव्हा जे हलकं वाटलं, त्याची मला जास्त चीड येते. मी आणखी एकदा दार वाजवलं असतं तर? तिनं पेन्सिल खाली ठेवली असती. ती चांगली मुलगी आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी आबा गेले. शेवटच्या आजारात मी पंधरा दिवस चिपळूणला होतो, त्यांचे पाय चेपत. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. ईशाबद्दल विचारायचे, अभ्यास कसा, तब्येत कशी. फक्त एकदा, पाणी पिताना, म्हणाले, "सांगितलंस?" मी मान हलवली. होय की नाही, हे कळणार नाही अशी हलवली.

मेश्राम आता कॅनडात आहे. सुनीता मला विचारायची थांबली आहे. कुलकर्णीवहिनी अजून गौरींचं विचारतात. ईशा बेंगळुरूला कॉलेजात आहे, चार मैत्रिणी जिवाभावाच्या, एकीचं तर पीएच.डी.चं स्वप्न आहे, सामाजिक अन्यायावर की कशावर तरी. गेल्या रविवारी फोनवर फार खुशीत होती. म्हणाली, "पप्पा, लिसन. मेमध्ये आम्ही सगळ्या कोकणात जातोय. मी त्यांना तळोलीला नेणार. माझी नाइन्थची रेकॉर्डिंग अजून आहे माझ्याकडे. एव्हरीबडी विल पुट ऑन इयरफोन्स, आणि आम्ही ती वॉक करणार. आपल्या घरासमोर फोटो काढणार." मी म्हटलं, "उन्हाळ्यात फार उकडतं गं तिकडे." ती हसली. "मी गल्फमध्ये वाढलेय, पप्पा."

मे यायला अजून दोन महिने आहेत. पाच मुली पारापाशी उतरतील, कानात वायरी घालतील, आणि माझ्या मुलीचा चौदा वर्षांचा आवाज त्यांना सांगेल की उजवीकडे उतरू नका. त्या डावीकडे चढतील आणि एका परक्या अंगणात उभ्या राहतील. कुणीतरी ओटीवर येऊन विचारेल, काय गं पोरींनो, कुणाच्या तुम्ही? ईशा हसतमुखानं आडनाव सांगेल. पुढचं मला बघवत नाही. त्याआधी तिला सांगायलाच हवं, हे मला कळतं. फोन हातात घेतो आणि जेवलीस का, विचारून ठेवून देतो.

म्हणून हे लिहायला बसलो. लिहून काढलं की बोलायला सोपं जाईल, असं स्वतःला समजावलं. हा लेख कुठे छापून आला तर सुनीता तिला फोटो पाठवेल, पप्पांनी लिहिलंय म्हणून. ईशा अक्षरं लावत लावत तीन ओळी वाचेल, त्यापुढे तिचं मराठी जात नाही. मग मला फोन करेल. "पप्पा, इट्स सो लाँग, तुम्हीच सांगा ना, कशाबद्दल आहे?" इंग्रजीत लिहिलं असतं तर तिनं सगळं वाचलं असतं. मला इंग्रजी लिहिता येतं. रोज कामावर तेच तर लिहितो. तरी मी मराठीत लिहिलं, आणि का लिहिलं ते मला माहीत आहे.

ती विचारेल, तेव्हा मी म्हणेन, जर्मनीबद्दल आहे.